रुग्णसेवा आणि उपकरणांची शुद्धता : यांबुकूपासून लॉस एंजेलिसपर्यंत

४ सप्टेंबर २०२५ रोजी काँगो देशातील कसाई प्रांतात, बुलापे या भागात, एबोलाची साथ आल्याचे तेथील शासनाने जाहीर केले. पहिल्या घोषणेच्या वेळीच २८ संशयित रुग्ण आणि १५ मृत्यू नोंदले गेले होते; त्या १५ मृतांपैकी चार जण आरोग्यसेवक होते. १ डिसेंबरला साथ संपल्याचे जाहीर झाले तेव्हा रुग्णांची संख्या ६४ आणि मृतांची ४५ झाली होती. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. आफ्रिकेतील साथी आपल्याला दूरच्या वाटतात. परंतु एबोला हे नाव ज्या घटनेमुळे जगाला ठाऊक झाले ती घटना कॅथलिक वाचकांना तरी दूरची वाटू नये, कारण ती एका मिशन इस्पितळात घडली. २०२६ हे त्या घटनेचे पन्नासावे वर्ष आहे.

त्या काळी काँगोला झाईर म्हणत. त्या देशाच्या उत्तरेस, घनदाट अरण्याच्या प्रदेशात, यांबुकू नावाचे गाव आहे. बेल्जियन मिशनरींनी तेथे चर्च, शाळा आणि १२० खाटांचे इस्पितळ उभारले होते. इस्पितळात डॉक्टर नव्हता. एक वैद्यकीय सहायक आणि परिचारिका म्हणून काम पाहणाऱ्या तीन बेल्जियन धर्मभगिनी यांच्यासह सतरा जणांचा कर्मचारीवर्ग तेवढा होता. आसपासच्या मोठ्या टापूला दुसरा आधार नसल्याने दरमहा सहा ते बारा हजार माणसे तेथे उपचारांसाठी येत. मिशन शाळेतील ४४ वर्षांचे एक शिक्षक प्रवासाहून परतल्यावर तापाने आजारी पडले. मलेरिया असावा असे समजून २६ ऑगस्ट १९७६ रोजी त्यांना क्लोरोक्विनचे इंजेक्शन देण्यात आले. पुढील काही आठवड्यांत यांबुकूच्या परिसरातील माणसे रक्तस्राव होऊन मरू लागली.

या साथीचा शोध घेण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय पथक गेले त्यात पीटर पिओट हे २७ वर्षांचे बेल्जियन डॉक्टर होते. पथकातील तज्ज्ञ गावोगाव फिरले, घरोघरी विचारपूस केली. सर्वांच्या जबान्यांचे धागे इस्पितळाकडेच जात होते. बळी पडलेल्यांत गर्भवती स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या तपासणीसाठी इस्पितळात येत आणि त्यांना इंजेक्शने दिली जात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अहवाल आला. त्यातील एक परिच्छेद माझ्या मते प्रत्येक मिशन इस्पितळात वाचला जावा. रोज सकाळी पाच सिरिंज आणि पाच सुया काढून दिल्या जात. बाह्यरुग्ण विभाग, गर्भवतींचा विभाग आणि दाखल रुग्ण या सर्वांसाठी दिवसभर त्याच पाच वापरल्या जात. एका रुग्णानंतर दुसऱ्याला टोचण्यापूर्वी सुई कोमट पाण्याच्या भांड्यात नुसती विसळली जाई. दिवस संपल्यावर कधी कधी ती उकळली जाई, नेहमीच नाही.

त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली आणि २८० जण मरण पावले. लागण कशी झाली याचा माग ज्या २८८ रुग्णांच्या बाबतीत लागला, त्यांतील ८५ जणांना इंजेक्शन हाच एकमेव ज्ञात मार्ग होता. केवळ इंजेक्शनातून ज्यांना लागण झाली त्यांच्यातील एकही जण वाचला नाही. सतरा कर्मचाऱ्यांपैकी अकरा दगावले. धर्मभगिनी व धर्मगुरू यांनाही प्राण गमवावे लागले. मागे उरलेल्या भगिनींनी मिशनच्या पाहुणेघराभोवती दोरी बांधून कोणीही आत येऊ नये अशी सूचना लावून घेतली होती. ३० सप्टेंबरला इस्पितळ बंद झाले. त्यानंतर साथीचा जोर ओसरला.

इस्पितळ बंद झाल्यावर आजार ओसरावा ही गोष्ट मन सुन्न करणारी आहे. तथापि त्या भगिनींना दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. आजाऱ्याला सोडून त्या पळाल्या नाहीत. रुग्णशय्येजवळच त्यांना मरण आले. त्यांच्या हातून संसर्ग पसरला हे सत्य आहे, आणि त्यांनी रुग्णांसाठी प्राण दिले हेही सत्य आहे. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी मनात बाळगणे आपल्याला जड जाते. म्हणून आपल्या मिशन साहित्यात बहुधा दुसरेच तेवढे सांगितले जाते. महिन्याला हजारो रुग्ण आणि रोज पाच सुया, हा हिशेब मांडायला कोणी बसले असते तर त्याला दोनच गोष्टी करता आल्या असत्या : सुया वाढवणे किंवा इंजेक्शने कमी करणे. जीवनसत्त्वाची कित्येक इंजेक्शने तर दिली नसती तरी चालले असते. परंतु रुग्णाला इंजेक्शन हवे असते आणि देणाऱ्यालाही काही दिल्याचे समाधान लागते. आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत आजही हे दृश्य दिसते.

कोणी म्हणेल, ही जुनी आणि गरिबीची गोष्ट झाली. आता एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या, प्रश्न मिटला. सुयांच्या बाबतीत पुष्कळ सुधारणा झाली हे खरे. तरीही गुजरातमधील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटीस-बीची जी प्राणघातक साथ आली तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजच होत्या. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील रातोदेरो येथे २०१९ साली शेकडो बालकांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघड झाले, तेथेही असुरक्षित इंजेक्शनांकडेच बोट दाखवले गेले. आणि सुई फेकून देता येते, पण प्रत्येक उपकरण फेकून देता येत नाही. लाखो रुपयांची दुर्बीण एका रुग्णानंतर दुसऱ्याच्या शरीरात जाणारच. तेव्हा प्रश्न गरीब इस्पितळापुरता उरत नाही. अमेरिकेतील एका घटनेने हे स्पष्ट केले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथील यू.सी.एल.ए. विद्यापीठाच्या रोनाल्ड रेगन वैद्यकीय केंद्राने १७९ रुग्णांना पत्रे पाठवली. पित्तनलिकेच्या तपासणीसाठी ज्या दुर्बिणी त्यांच्या घशातून आत घातल्या गेल्या होत्या, त्यांतून घातक जंतू त्यांच्या शरीरात गेले असण्याची शक्यता होती. सात जणांना लागण झाली होती आणि दोघांच्या मृत्यूला तो संसर्ग कारणीभूत ठरला होता. जंतू साधे नव्हते. इतर प्रतिजैविके निकामी ठरल्यावर डॉक्टर जी राखीव औषधे काढतात, त्या कार्बापेनेम गटालाही ते दाद देत नव्हते. जगातील नामांकित इस्पितळांत ज्याची गणना होते, जेथे पाणी, वीज, पैसा, मनुष्यबळ कशाचीही वाण नाही, तेथे हे घडले. आणि इस्पितळाने उत्पादकाच्या सूचना पाळूनच दुर्बिणी स्वच्छ केल्या होत्या.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे तांत्रिक सांगावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली की ई.आर.सी.पी. नावाची तपासणी करतात. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत ती नित्याची आहे. तीत वापरल्या जाणाऱ्या दुर्बिणीला ड्युओडेनोस्कोप म्हणतात. तिच्या टोकाशी नखाएवढी धातूची एक तरफ असते. ती वरखाली करून डॉक्टर आतली बारीक तार पित्तनलिकेच्या मुखाकडे वळवतात. या तरफेच्या मागे आणि बिजागरीच्या खाचांत पित्त, रक्त, पेशींचे कण अडकतात, आणि नेमका तेथे ब्रश नीट पोहोचत नाही.

आता स्वच्छ म्हणजे काय? सामान्य बोलीत आपण एकच शब्द वापरतो, वैद्यकशास्त्र तीन वापरते. घाण धुऊन काढणे ही झाली स्वच्छता. बहुतेक जंतू मारणे हे जंतुनाशन. आणि बीजाणूंसह एकही सजीव जंतू न उरणे म्हणजे निर्जंतुकीकरण. अमेरिकेतील अर्ल स्पॉल्डिंग या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास एक साधी विभागणी सुचवली, ती अजून जगभर मानली जाते. जे उपकरण रक्तात किंवा शरीराच्या निर्जंतुक भागात जाते ते पूर्णतः निर्जंतुक हवे. जे केवळ अंतस्त्वचेला लागते त्याला उच्च प्रतीचे जंतुनाशन पुरे. जे नुसत्या त्वचेला लागते त्याला साधी स्वच्छता चालेल. कात्री-चिमटे वाफेच्या दाबाखाली, १२१ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला, ऑटोक्लेव्हमध्ये घालता येतात. दुर्बीण घातली तर ती वितळून निकामी होईल. म्हणून ती हाताने धुऊन, ब्रशने घासून, मग रसायनात ठराविक मिनिटे बुडवतात.

येथे धुण्याला फार महत्त्व आहे. दूध करपलेल्या पातेल्यात नुसते उकळते पाणी ओतले तर खालचा थर निघत नाही, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. उपकरणाचेही तसेच आहे. वाळलेल्या रक्ताखाली आणि पित्ताखाली जंतू स्वतःभोवती चिकट थर धरून बसतात आणि जंतुनाशक वरून वाहून जाते. आधी धुतले नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. दुर्बीण धुण्याच्या सूचना इतक्या लांबलचक असतात की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, जेथे हाताने धुतले जात होते तेथे सर्वच्या सर्व पायऱ्या पाळल्या गेल्याचे प्रमाण शंभरात दोनही भरले नाही. जेथे यंत्राची मदत होती तेथे ते तीनचतुर्थांश होते. या आकड्यांवरून धुणाऱ्यांना बेफिकीर ठरवणे सोपे आहे. मला मात्र ते काम माणसाच्या आवाक्यात बसेल असे आखलेलेच नव्हते असे वाटते.

लॉस एंजेलिसच्या आधीही इशारे मिळाले होते. नेदरलँडमधील रॉटरडॅमच्या इरास्मस वैद्यकीय केंद्रात २०१२ साली अशाच दुर्बिणीतून २२ रुग्णांना लागण झाली. तेथे दुर्बीण उघडून तपासली तेव्हा टोकाच्या रचनेतच दोष असल्याचा निष्कर्ष निघाला. दुर्बीण ऑलिंपस या जपानी कंपनीची होती. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन इस्पितळातही अनेक रुग्णांना लागण झाली. त्या इस्पितळाने मग वेगळी वाट धरली : प्रत्येक दुर्बीण धुतल्यावर तिचे नमुने तपासायचे आणि जंतू नाहीत अशी खात्री होईपर्यंत ती बाजूला ठेवायची. त्यासाठी जादा दुर्बिणी विकत घ्याव्या लागल्या. खर्च मोठा होता. तो त्यांनी केला.

युरोपात घडलेल्या घटना अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वेळेवर कळल्या नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये सिनेटर पॅटी मरे यांच्या पुढाकाराने आलेल्या अहवालानुसार २०१२ ते २०१५ या काळात जगभर अशा किमान २५ घटना घडल्या आणि किमान २५० रुग्णांना त्यांची झळ लागली. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीच्या वैद्यकीय विभागाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. गुन्हा होता आवश्यक अहवाल वेळेवर सादर न केल्याचा. दंड व जप्ती मिळून ८५ दशलक्ष डॉलर भरावे लागले. तरीही प्रश्न सुटला नव्हता : २०१९ साली औषध प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या अंतरिम निष्कर्षांत, योग्य रीतीने घेतलेल्या नमुन्यांपैकी ५.४ टक्क्यांपर्यंत नमुन्यांत चिंताजनक जंतू सापडले, आणि हे नमुने धुऊन तयार ठेवलेल्या दुर्बिणींचे होते. त्यानंतर प्रशासनाने टोकाचा भाग बदलता येणाऱ्या, किंवा संपूर्णच एकदा वापरून टाकायच्या दुर्बिणींकडे वळण्याची शिफारस केली. टाकाऊ दुर्बिणींचा खर्च आणि कचरा हा नवा प्रश्न आहेच. आपल्यासारख्या देशात तो मार्ग किती इस्पितळांना झेपेल याविषयी मी साशंक आहे.

यांबुकूत साधने अपुरी होती, लॉस एंजेलिसमध्ये साधनच सदोष होते. आपल्या देशात तिसरेच कारण वारंवार आढळते, ते म्हणजे घाई. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ सकरी येथे कुटुंबनियोजनाच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढील दिवसांत १३ जणी मरण पावल्या. मृत्यूचे कारण औषधातील भेसळ की जंतुसंसर्ग यावर पुष्कळ वाद झाला आणि दोन्ही बाजूंनी दावे केले गेले. त्या वादात मी शिरत नाही. परंतु सरकारचेच नियम सांगत होते की एका पथकाने दिवसात ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत आणि एका लॅपरोस्कोपवर दहापेक्षा अधिक नकोत. ही दहाची मर्यादा का? दोन रुग्णांमध्ये लॅपरोस्कोप धुवायला आणि रसायनात बुडवायला वेळ लागतो म्हणून. ८३ चा आकडा आणि तासांचा हिशेब मांडला की तो वेळ मिळाला नव्हता हे उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तीव्र आजारांच्या इस्पितळांत दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी श्रीमंत देशांत सात जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना इस्पितळातच किमान एक संसर्ग जडतो. सगळेच संसर्ग उपकरणांमुळे होतात असे नाही. न धुतलेले हात हे मोठे कारण आहेच. पण अस्वच्छ उपकरणांचा त्यांत वाटा आहे, आणि तो टाळता येण्याजोगा आहे.

हा विषय आपल्या व्यासपीठावर का मांडावा असे काहींना वाटेल. धर्मभगिनी डॉ. मेरी ग्लाउरी यांनी १९४३ साली गुंटूर येथे ज्या कॅथलिक आरोग्य संघटनेचा पाया घातला, तिच्याशी आज देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक संस्था जोडलेल्या आहेत. त्यांतील बहुसंख्य लहान दवाखाने आहेत, खेड्यापाड्यांत आहेत, आणि धर्मभगिनी ते चालवतात. यांबुकूचे इस्पितळ ज्या प्रकारचे होते त्याच प्रकारचे, फक्त काळ बदलला आहे. या संस्थांना आपण देणग्या देतो. सोनोग्राफीचे यंत्र, डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका यांसाठी पैसा उभा राहतो, आशीर्वादविधी होतो, संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव कोरले जाते. ऑटोक्लेव्हची झिजलेली रबरी कडी बदलण्यासाठी, दुर्बिणीच्या नळीत घालायच्या ब्रशांसाठी, किंवा उपकरणांच्या दुसऱ्या संचासाठी कोणी देणगी दिल्याची पाटी मी तरी पाहिलेली नाही. दुसरा संच नसेल तर पहिला घाईने धुतला जाणार, हे ओघानेच आले.

उपकरणे धुणारी व्यक्ती इस्पितळाच्या उतरंडीत बहुधा सर्वांत खाली असते. वॉर्डबॉय किंवा मावशी म्हणून तिला हाक मारतात, पगार सर्वांत कमी, प्रशिक्षण तोंडी, आणि हातमोजे संपले तरी कोणी विचारत नाही. शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच तिच्या कामावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. आपल्या संस्थांच्या व्यवस्थापक मंडळांनी पुढील सभेत यंत्रखरेदीचा विषय घेण्यापूर्वी या व्यक्तीला बोलावून तिचे म्हणणे ऐकावे. किती उपकरणे, किती वेळात, कोणत्या पाण्याने, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळेल.

रुग्णाच्या नातेवाइकांनाही काही पाहता येते. ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या पुडक्यावर चिकटपट्टी असते. उष्णता लागली की तिच्यावरील रेघा काळ्या होतात. पुडके आपल्यासमोर फोडले जावे, कोरडे असावे, रेघा काळ्या असाव्यात. मात्र काळ्या रेघा म्हणजे निर्जंतुकीकरणाची पूर्ण खात्री नव्हे; पुडक्याला उष्णता लागली एवढेच त्यातून समजते. खरी परीक्षा चिवट बीजाणूंची कुपी यंत्रात ठेवून, ते मेले की नाही हे तपासून होते. ती नियमित केली जाते का आणि तिची वही आहे का, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. डायलिसिस, एंडोस्कोपी किंवा दाताच्या उपचारांपूर्वी असे विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगले डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी घरची. अनेक धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सानंतर आरोग्य शिबिरे भरतात आणि रक्तातील साखर तपासण्यासाठी रांगा लागतात. बोट टोचण्याचे जे पेनासारखे साधन घरोघरी मधुमेही वापरतात ते एकाच व्यक्तीसाठी असते. आतली सुई बदलली तरी पेनाच्या टोकाला रक्ताचा अदृश्य अंश राहू शकतो, आणि अशा सामायिक साधनांतून हिपॅटायटीस-बी पसरल्याच्या घटना अमेरिकेतील वृद्धाश्रमांत नोंदल्या गेल्या आहेत. शिबिरात दर माणसाला नवे, टोचल्यावर आपोआप बंद होणारे लॅन्सेटच वापरावे. ग्लुकोमीटर दोन व्यक्तींच्या मध्ये जंतुनाशकाने पुसावे. हातमोजे दर वेळी बदलावेत. वापरलेली लॅन्सेट टाकण्यासाठी जाड भिंतीचा, न टोचला जाणारा डबा टेबलावर हवा. आयोजकांनी किती माणसे येतील याचा अंदाज घेऊन त्याहून अधिक लॅन्सेट आणावीत. ती संपली की साखरेची तपासणी त्या दिवसापुरती थांबवावी, रांगेत कितीही माणसे उभी असोत. उरलेल्यांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांना पुढच्या रविवारी बोलवावे.